खळ्यातल्या पूर्ण काड्या

दर्पण,

मी सरावलीला कीर्तीताईकडे जातेय. कंपनीने मुलाखत आज चारला पुन्हा ठेवलीय. ही शेवटची संधी.

काल खळ्यात वाळत घातलेले बोंबील राखत मोबाइलवरून मुलाखत दिली. तू राउटरची पॉवर सगळ्यात वर नेली होतीस, त्यामुळे तिथे सिग्नलच्या काड्या पूर्ण होत्या. त्यांचा प्रत्येक प्रश्न मला ऐकू आला, माझं एकही उत्तर त्यांना गेलं नाही. राउटरचा जोर वाढला, मोबाइलचा होता तेवढाच राहिला. तो खळ्यातून घरापर्यंत पोचत नाही. आईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "काड्या पुऱ्या हायत ना? मंग काय नाय झालं. बस तितंच, कावले येतील."

मी राउटरची पॉवर मोबाइलच्या बेताने खाली आणलीय. आता खळ्यात काडी दिसणार नाही. पुन्हा वाढवू नकोस, नाहीतर मला परत तिथेच बसवतील.

आज बोंबलांजवळ तू बस. दव पडायच्या आत येऊन मी ते काढते.

आईंनी विचारलं तर ताई आजारी आहे म्हणून सांग. खरं कारण मी सकाळी दोनदा सांगून पाहिलं.

हेमाली