टारसच्या नावावरचं घर

९ जानेवारी

बँकेत जाऊन आलो. घर बँकेच्या नावावर, हक्क आमच्या मुलाचा, टारसचा — मेक्सिकोच्या किनाऱ्यालगत परक्यांना असंच घर मिळतं. ते माहीत होतं. पुढचं बँकेतल्या ओरालियाबाईंनी सांगितलं. टारसनं मृत्युपत्र केलेलं नाही. म्हणजे हक्क आधी त्याच्या बायकोकडे, शॉनाकडे जाणार. तिनं दिला तर मग आमच्याकडे. दोनदा बदली! दोन्ही वेळा नोटरी, परवाना, कर, बँकेची फी. शिवाय कोर्ट. आणि कॅनडातल्या प्रत्येक कागदाचं शिक्क्यासकट स्पॅनिश भाषांतर.

"आणि मिरोनसाहेब, यंदाची वार्षिक फी राहिलीय. तेवढी आज भरता का?"

भरली.

१० जानेवारी

पैसे आमचे, नाव मुलाचं. कल्पना बायकोची, ल्यूबाची. "आपण गेल्यावर पोराला पुन्हा खर्च कशाला? आत्ताच त्याच्या नावावर करू." मी म्हटलं, "वा! मरणातही बचत!" दोघं किती हसलो होतो.

याची तिला कधीही आठवण करून देणार नाही. तिला आठवतंच आहे.

नोव्हेंबरात टारस बर्फावर हॉकी खेळताना कोसळला, तो गेलाच. छत्तीस वर्षांचा.

१४ जानेवारी

शेजारचा गार्थ कुंपणावरून ओरडला — "विकून टाक रे म्हाताऱ्या! परत कॅनडात, सस्काटूनला जा, बर्फ उपस. तो फुकट असतो!" मग जीभ चावून आत गेला. थोड्या वेळानं एक मासा देऊन गेला. तळला. कुणीच खाल्ला नाही.

१५ जानेवारी

ल्यूबानं सकाळी तो मासा मांजराला घातला.

१९ जानेवारी

आमच्या युक्रेनी चर्चच्या दफनभूमीत तिघांसाठी शेजारी शेजारी जागा घेऊन ठेवली होती. शॉनानं टारसचं दहन केलं. "त्याला तसंच हवं होतं," म्हणाली. त्या दिवसापासून ल्यूबा सुनेशी बोललेली नाही. आज भांडी घासता घासता —

"राख तिच्याकडे. आता घरही तिच्याकडे. माझ्याकडे काय राहिलं, मिरोन?"

भांडी पुसत राहिलो.

इथल्या बाथरूमच्या फरशा टारसनं एका नाताळात स्वतः बसवल्या. वाकड्या आहेत. ल्यूबा स्टूल घेऊन तिथे बसते. दार लावत नाही, पण मी आत जात नाही.

२६ जानेवारी

चार वेळा आकडेमोड केली. दोन बदल्या झेपत नाहीत. सस्काटूनचा फ्लॅट विकावा, नाहीतर हे घर. तिला सांगितलं.

"मग मला फरशांसकट विक."

२७ जानेवारी

शॉनाचा फोन. आवाज बसलेला. "बाबा, मला ते घर नको. सही कुठे करायची ते सांगा, करते. आई आहेत का तिथे?"

ल्यूबा समोरच होती. मान हलवून नाही म्हणाली. "बाहेर गेलीय," मी म्हटलं. शॉनाला कळलं असणार. "बरं," एवढंच म्हणाली.

सहीनं पैसे वाचत नाहीत, हे तिला सांगवलं नाही.

३ फेब्रुवारी

सकाळी ल्यूबानं स्वतःच फोन लावला. उभ्यानंच. "शॉना, आमच्या नावावर नको करूस. एकदाच बदली होऊ दे. घर तुझं. आम्हाला राहू देशील ना, बाळ?"

पलीकडचं मला ऐकू आलं नाही. ल्यूबाचा हात मागे काहीतरी चाचपत होता. मी खुर्ची तिच्यामागे सरकवली.