ना हरकतीवरची माझी सही

प्रिय आई,

आज सकाळी शांताकाकू आणि चार-पाच बायका माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आल्या. गावातल्या बायकांचं मतदान घेऊन शेजारचं दारूचं दुकान बंद करायचंय, त्याचा अर्ज होता हातात. काकू म्हणाल्या, "तुजी आई असती तर लई पळाली असती बग यासाठी." मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. म्हणून लिहायला बसलो.

मागच्या वर्षी या दुकानाच्या परवान्याविरुद्ध तुझा हरकत अर्ज मीच लिहिला होता ना! शाळा जवळ, एसटी स्टँड जवळ, पोरींची जायची-यायची वाट. तू सांगत गेलीस, मी लिहीत गेलो. दारू पिऊन पडलेल्या नवऱ्याला, आमच्या अण्णांना, गटारीतून उचलून आणणारी बाई सह्या मागतेय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार?

आणि चार दिवसांनी मी काय केलं? माझा आणि शेजारचा, दोन्ही गाळ्यांचा मालक म्हणाला, "शेजारी म्हणून ना हरकत दे, न्हाई तर गाळा खाली कर." दिली सही. तुला सांगितलंही नाही.

नगरच्या सुनावणीला तू अकरा बायका घेऊन गेलीस. तिथं परवाना देणाऱ्या साहेबांनी फाईल उलटून विचारलं, "हा तुमचाच मुलगा ना? त्याची तर हरकत नाही." हे मला काकूंनी तुझ्या दहाव्याला सांगितलं. तू म्हणालीस म्हणे, "त्याचं पोट हाय तितं, साहेब. माजी हरकत हाय, ती लिवा."

आणि घरी येऊन मला गरम भाकरी वाढलीस! कानाखाली द्यायची होतीस गं.

परवाना मिळाला. तेव्हापासून दुकानात स्वतः यायचं सोडून माझा डबा तू सुनेच्या हाती पाठवायला लागलीस. मला वाटलं, गुडघे दुखत असतील. तुला सगळं माहीत होतं, हे तू झोपेत गेलीस तोवर मला कळलंच नाही. माफी कुणाकडे मागू आता?

आज त्या बायकांना मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. काकू एवढंच म्हणाल्या, "ठावं हाय समद्यांना. कागदाच्या झेरॉक्स काढ."

आई, गाळा जायचा तर जाऊ दे. उद्यापासून मी त्यांच्याबरोबर घरोघरी जाणार आहे. प्रत्येक दारात आधी माझी चूक सांगेन, मगच सहीसाठी कागद पुढं करीन. कुणी दार लावून घेतलं तर दुसऱ्या दिवशी परत जाईन.

तुझा,
दत्ता