लोकर येईस्तोवर

वरकुटे, ता. ५ ऑक्टो. ९६

शूटिंगचा पहिला दिवस पार पडला. माझे चुलते, तात्या, त्यांची मेंढरं माळावर सोडली. मधोमध हिरॉइन, काखेत कोकरू. मेंढरांची काळी लोकर अंगभर दाटलेली, उन्हात झकास दिसत होती. दिग्दर्शक म्हणाले, स्टुडिओत पडदे लावून गाव दाखवलं तर आता लोक हसतात. कोल्हापूरची सवय सोडायची, पुढचे दोन पिक्चर इकडंच करू. माणसं आणि जागा तुम्ही बघायच्या.

तंबू टॉकीज बंद करून दोन वर्षं झाली. बारामती, वडगाव निंबाळकर, सगळ्या जत्रा केल्या त्या तंबूनं. केबलनं खाल्लं. कापड आता वैरणीवर पडलंय. आज परत पिक्चरच्या माणसांत उभा राहिलो. बरं वाटलं. लई बरं वाटलं.

ता. ८ ऑक्टो.

हिरोला मुंबईत सिरियलच्या तारखा. त्याचा अर्धा सीन राहिला. कंपनी दिवाळीनंतर येणार. मॅनेजर बजावून गेला, हाच माळ, हीच मेंढरं पाहिजेत. तात्यांना परत परत सांगितलं, विकायची नाहीत, हलवायची नाहीत, दुसरी मिसळायची नाहीत. तात्या पिक्चर बघत नाहीत, माझ्या तंबूतही कधी फिरकले नाहीत. पण म्हणाले, शबूद दिला.

ता. १४ नोव्हें.

काय लिहू.

गाड्या लागल्या, हिरो उतरला, तात्यांनी मेंढरं बाहेर काढली. सगळी बोडकी! कातरून गुळगुळीत.

दिवाळीच्या सुमारास लोकर कातरायची, हे आमच्यात पिढ्यानपिढ्या चालत आलंय. धनगराच्या पोटी जन्मून मला आठवू नये? आता हिरॉइन दाट लोकरीत उभी आणि तिच्यासमोर हिरो ह्या सोललेल्यांत. दिग्दर्शक म्हणाले, दुसरा कळप आणा. कुठनं आणू? सगळ्यांचीच कातरणी झालेली. मॅनेजरनं घोंगडी पांघरायचं काढलं. एका मेंढीवर टाकून बघितली, ती घोंगडीसकट ओढ्याकडं पळाली. कोणी हसलं नाही.

चारचौघांत तात्यांवर भडकलो. नको ते बोललो. ते शांतपणे म्हणाले, "इकू नको म्हनलास, इकली न्हाईत. हालवू नको म्हनलास, हालवली न्हाईत. कातरू नको म्हनला न्हाईस."

दिग्दर्शकांनी विचारलं, लोकर परत कधी येईल. तात्या म्हणाले, शिमग्यापातुर. कळवतो म्हणून गाड्या गेल्या.

ता. १ डिसें.

तात्यांशी बोलणं बंद. ही म्हणते, "म्हाताऱ्यावर रुसून पिक्चर येणार हाय का?" हिला काय जातंय बोलायला.

भावकीतले कळप कोकणच्या वाटेला लागले. तात्या गेले नाहीत. जन्मात पहिल्यांदा थंडीत घरी. उसाच्या फडातनं वाढं आणून मेंढरांना घालतात, पाठ मोडेस्तोवर. शेवटी मीच गेलो आणि का थांबलात विचारलं. म्हणाले, "हालवू नको म्हनलास की."

शरम वाटली. भारा उचलायला लागलो.

ता. २६ मार्च ९७

शिमगा झाला. लोकर बोटभर आलीय, रोज सकाळी हात घालून बघतो. इंदापूरला जाऊन मुंबईला फोन लावला. मॅनेजर म्हणाला, साहेब नव्या पिक्चरसाठी दक्षिणेकडं जागा बघायला गेलेत, आता सगळे तिकडंच पळतायत. तुमचा सीन बहुतेक मुंबईतच एखाद्या बागेत उरकू. नक्की नाही, कळवतो.

बागेत मेंढरं!

तात्यांना एवढंच सांगितलं, अजून नक्की नाही.

ता. १८ मे

ऊन सोसवत नाही. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून धापा टाकतात. उन्हाळ्यातल्या दुसऱ्या कातरणीचे दिवस आले, तात्यांनी कातरीला हात लावला नाही. ही आज चिडली, त्यांना काय ते एकदाचं सांगून टाका म्हणाली. तिचं खरं आहे. पण येणार नाहीत असं माझ्या तोंडून गेलं की संपलंच. मग मी कुठला पिक्चरवाला? वैरणीवरचं कापड ते कापडच.

मघाशी परत फोन करायला निघालो आणि फाट्यावरनं माघारी आलो.

ता. २० मे

सकाळी तात्या दारात. कातर फडक्यात गुंडाळलेली. रात्री एक मेंढी बसली ती उठलीच नाही म्हणाले. मला खाली बघावं लागलं.

"तुजी मानसं येनार आसली तर ऱ्हाऊ दे," म्हणाले. "न्हाईतर तसं सांग. मी शबूद तुला दिलाय, त्यास्नी न्हाई."

रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. फोन करून येतो, मग सांगतो म्हणालो. सदरा घातला. इंदापूरची गाडी गेली, मी दारातच.

ते ओट्यावर बसून आहेत. हिनं चहा दिला, घेतला नाही. कातर अजून फडक्यातच आहे.