पाच नंबरचा रॉड, आठ नंबरची दोरी

४ एप्रिल, रविवार. सकाळी साडेनऊ.
ही नदीकाठच्या घरी कायमची राहायला गेलेली नाही, असं मेहुण्याने आज फोनवर पक्कं सांगितलं. म्हणजे त्याचे शब्द असे होते, की भाऊजी, ताई या महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत तुमची वाट बघणार आहे, मग काय ते ठरवणार आहे. अर्थ तोच.

सासरे गेले, त्यांचं नदीकाठचं दोन खोल्यांचं घर हिच्याकडे आलं, आणि गेल्या महिन्यात ही बॅग भरून तिकडे गेली. मासे पकडायला. वडिलांनी हिला लहानपणी फ्लाय फिशिंग शिकवलं होतं. पिसांची खोटी माशी, लांब लवचिक रॉड, गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, आणि पकडलेला मासा परत सोडून द्यायचा. हे शेवटचं मला कधीच कळलेलं नाही. सव्वीस वर्षं ही म्हणत होती, एकदा तरी या, नुसते शेजारी उभे राहा. सव्वीस वर्षं कामं होती.

आता जाणार. पण रिकाम्या हाताने नाही. स्वतःचा रॉड, स्वतःचं रीळ. परवडणारं, पण चांगलं. एकवीस दिवस आहेत. भरपूर झाले.

५ एप्रिल, सोमवार.
हॉस्पिटलच्या खरेदी विभागात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला एक रॉड निवडणं जड नाही. तीन कोटेशन, तुलनेचा तक्ता, मग ऑर्डर. या नियमामुळे आमचं एकही स्ट्रेचर आजवर फसलेलं नाही. घरचा फ्रिजही असाच घेतला. तीन आठवडे दूध नासत होतं, ही कुरकुरली, पण फ्रिज अजून चालू आहे.

हिला बघायला गेलो होतो तेव्हा हीसुद्धा तिसरीच होती. हे मी एकदा चारचौघांत कौतुकाने सांगितलं होतं. दोन दिवस बोलली नव्हती.

७ एप्रिल, बुधवार.
पहिलं कोटेशन. बाजारामागच्या गल्लीतलं दुकान. दुकानदारीण साठीची, बोलायला फटकळ. म्हणाली, शिकाऊ आहात, नऊ फुटी, पाच नंबरचा रॉड घ्या. रिळात फार पैसे घालू नका, छोट्या माशांसाठी रीळ म्हणजे दोरी गुंडाळून ठेवायची जागा. घालायचे तर दोरीत घाला. माशीला वजन नसतं, दोरीचं वजनच तिला पुढे नेतं. म्हणून रॉडचा नंबर तोच दोरीचा नंबर, हे डोक्यात ठेवा. मी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि कोटेशन लेटरहेडवर मागितलं. ती म्हणाली, साहेब, मासे धरायचेत की धरण बांधायचंय. विनोदी बाई.

१० एप्रिल, शनिवार. संध्याकाळी.
हिचा फोन. स्वतःहून. रॉडचं गुपित ठेवणार होतो, पण दीड मिनिटात सांगून टाकलं. म्हणाली, अहो, बाबांचे दोन रॉड इथे भिंतीवर टांगलेत, तुम्ही नुसते या. मी समजावलं, की दुसऱ्याच्या वस्तूवर हात बसत नाही, आणि दुसरं कोटेशन आलंय, तिसरं मंगळवारपर्यंत येईल. मागे पाण्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, बरं. आवाजावरून खूश वाटली.

११ एप्रिल, रविवार.
सातची बस होती. दाढीही झाली होती. पण रॉडशिवाय जाऊन करणार काय? नुसतं शेजारी उभं राहणार? तक्ता आखला. सहा रकाने : वस्तू, विक्रेता, किंमत, वॉरंटी, पोचायला लागणारे दिवस, शेरा.

१४ एप्रिल, बुधवार.
तिसरं कोटेशन नाही. दोनांत तुलना होत नाही, नुसती पसंती होते. थांबायचं ठरवलं.

१७ एप्रिल, शनिवार.
आलं. तक्ता भरला. निकाल थक्क करणारा. रॉड दुकानदारिणीकडे स्वस्त, रीळ दुसऱ्याकडे, दोरी तिसऱ्याकडे. एकाच ठिकाणी घेतलं असतं तर लुबाडलो गेलो असतो. तीन ऑर्डरी दिल्या. हिला सांगितलं तर अभिमान वाटेल.

१८ एप्रिल, रविवार.
गच्चीवर सराव. रॉड यायचा आहे म्हणून पडद्याचा दांडा आणि सुतळी. व्हिडिओतला टोपीवाला म्हणतो, मागे नेताना थांबा, दोरी मागे पूर्ण उलगडू द्या, मगच पुढे फेका. घाई केली की सगळं बिघडतं. मला घाई नसतेच. पाचव्या फेकीला खालच्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिकाबाईंची वाळत घातलेली चादर लागली. त्या वर आल्या. काय पकडताय, म्हणाल्या. मी सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी चादर झटकली, घडी घातली, आणि वहिनी कधी येणार विचारलं. म्हटलं, हंगाम संपला की. त्या जिन्यापर्यंत गेल्या, वळल्या, म्हणाल्या, एकटे जेवत जाऊ नका, वर हाक मारेन तेव्हा येत जा. यांना अचानक काय झालं कळलं नाही.

२२ एप्रिल, गुरुवार.
सगळं आलं. जेवणाच्या टेबलावर मांडलं. रॉड पाच नंबरचा. दोरी आठ नंबरची. तक्त्यात नंबराचा रकानाच नव्हता.

सगळं घेऊन दुकानदारिणीकडे धावलो. ती म्हणाली, ही दोरी या रॉडवर म्हणजे धुण्याचा दोर छडीला बांधल्यासारखं. तिच्याकडच्या पाच नंबरच्या दोऱ्या कालच संपल्या, नवा माल पुढच्या गुरुवारी. मग म्हणाली, रविवारी जायचंय ना, मग तसेच जा की, नदी काय दोरी तपासून आत घेते. धंदा करणाऱ्या बाईने असं बोलावं याचं आश्चर्य वाटलं. अर्धवट सामान घेऊन जाणं माझ्या स्वभावात नाही.

२४ एप्रिल, शनिवार. दुपारी.
हिला फोन केला. एका आठवड्याची मुदतवाढ मागितली, कारणासहित. ती म्हणाली, अहो, हे टेंडर नाहीये. मी दोरीचं वजन आणि रॉडची लवचीकता यांचं नातं समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकलं. हे सगळं तिला सहा वर्षांची असल्यापासून माहीत आहे, हे मला बोलता बोलता आठवलं. शेवटी विचारलं, जेवलात का? म्हटलं, हो. म्हणाली, ठेवते.

नाही म्हणाली नाही. आमच्या ऑफिसात मुदतीत उत्तर आलं नाही की विनंती मंजूर धरतात.

२५ एप्रिल, रविवार.
घरीच. दिवसभर फोन जवळ ठेवला. नेटवर्क चांगलं होतं.

२९ एप्रिल, गुरुवार.
दोरी मिळाली. पाच नंबर. आता कशालाही कारण उरलं नाही. म्हणजे अडचण उरली नाही, असं म्हणायचं होतं.

२ मे, रविवार. रात्री आठ.
सातची बस. पोचलो तेव्हा ही पाण्यात होती, पाठमोरी. दोरी मागे जायची, हवेत क्षणभर थांबायची आणि पुढे जाऊन अलगद टेकायची. मी काठावर किती वेळ उभा होतो माहीत नाही. इतकं सोपं दिसणारं काही मी तिला कधी करताना बघितलं नव्हतं. खरं म्हणजे बघितलंच नव्हतं.

तिने वळून बघितलं आणि बाहेर आली. माझा रॉड स्वतः जोडला, हातात तोलला. चांगला आहे, म्हणाली. परवडणाऱ्यात याहून चांगला मिळाला नसता. मग मला शेजारी उभं करून तासभर शिकवलं. माझं कोपर धरून म्हणाली, थांबा. आता. तिसऱ्यांदा माझी माशी झाडात अडकली तेव्हा ती मोकळेपणाने हसली. मीही हसलो. मनात म्हटलं, जमलं.

चहा तिने काठावरच आणला. म्हणाली, गेल्या रविवारी दोन खुर्च्या इथे आणून ठेवल्या होत्या. दोघांचं जेवण केलं होतं. चारपर्यंत बसले. मग खुर्च्या आत नेल्या आणि भावाला कळवलं, माझं ठरलं म्हणून. रागावलेली नव्हती. रागावलेली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. मी म्हटलं, दोरी चुकीची आली होती गं. ती म्हणाली, माहीत आहे. मग म्हणाली, एक सांगू, तुम्ही आज छान उभे होतात.

चारच्या बसने परत आलो. रॉड तिथे ठेवू का, विचारलं होतं. म्हणाली, नको, न्या, तुमच्या हाताला बसलाय.

३ मे, सोमवार.
ऑफिसला गेलो नाही. दुपारी मेहुण्याचा फोन. त्यानेच सगळं पक्कं केलं : ताईचं कपाट, शिलाई मशीन आणि पुस्तकं न्यायला तो शनिवारी येणार. ताई येणार नाही. त्याने विचारलं, भाऊजी, कपाट लिफ्टमध्ये मावेल ना, नाहीतर माणसं जास्त आणावी लागतील, आणि मग पुढच्या आठवड्यावर जाईल.

मी म्हटलं, मोजून सांगतो. मोजलं. दोनदा मोजलं. मावतं. तसं कळवलं.

शनिवारी सकाळी दहाला टेम्पो येईल.