गंधाची वाटी

धुळे, देवपूर
९ जानेवारी २०२५

चि. प्रेमराज यास,
अ. उ. आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहिते. वकिलाच्या हाती कागद पडला की वाचल्याशिवाय तो खाली ठेवत नाही, एवढं मोठ्या बहिणीला ठाऊक आहे.

दिपमालाच्या गंधमुक्तीला अख्खा समाज तुझ्या पिंप्राळ्याच्या दारात बसला होता. तिचा भाऊ गिरधर वाटी घेऊन उभा. त्याने तुझ्या कपाळी गंध लावायचं, टोपी घालायची, की तुझा दुखवटा सुटला. आणि ज्याला लावायचं तो कोर्टात! बायको जाऊन पुरते पंधरा दिवस नाहीत, आणि तू काळा कोट चढवून युक्तिवाद करत होतास. गंध वाटीतच वाळलं. गिरधर जाताना म्हणाला, की दाजीसनं काळीज दगडनं शे. मला तोंड वर करता येईना.

समाजाचा अध्यक्ष तू, साऱ्यांची भांडणं मिटवणारा तू. आता तेच लोक कुजबुजतात, की दुखवट्यातला माणूस सामूहिक विवाहाच्या मांडवात उभा कसा राहणार. रविवारी ये. गिरधरला बोलावते, घरच्या घरी गंध लावून घे. भरताची वांगी आणून ठेवली आहेत, ती तुझ्या अशिलांना नाही, तुला आहेत.

जेवत जा, आणि बहिणीचं कधीतरी ऐकत जा.
हेमांगी अक्का

जळगाव, पिंप्राळा
१५ जानेवारी

ती. अक्कास,
प्रेमराजचा शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. रागावलीस ते बरोबरच आहे.

नशिराबादचा जब्बार खुनाच्या खटल्यात तीन वर्षं तुरुंगात आहे. त्या दिवशी त्याच्या बाजूचा शेवटचा युक्तिवाद होता. पुढची तारीख मिळाली असती, न्यायाधीशांनी आदल्या दिवशी निरोपही धाडला होता. मीच नको म्हणालो. त्याची आई शहजादी दर तारखेला कोर्टाच्या दाराशी येऊन उभी राहते. माझ्या घरचं तिला कळू देऊ नका, असं मी कारकुनाला बजावलं होतं. कळलं असतं तर तिचा धीरच सुटला असता.

पण एवढंच कारण नाही. मला काही वाटतच नाही गं. भूक लागते, झोप लागते. रविवारी नशिराबादच्या शाळेच्या ओट्यावर फुकट सल्ला द्यायला बसतो, तसा परवाही बसलो. वाटणी, पोटगी, कलमं, सगळं तोंडपाठ. लोक म्हणतात, वकीलसाहेब खंबीर आहेत. खंबीर कसला, बधिर झालोय. दारावर येणाऱ्या प्रत्येकाला सगळं आधीच ठाऊक असतं. ते रडतात, मी त्यांना पाणी देतो.

गंध लावायचं म्हणजे दुखवटा सोडायचा. माझा अजून सुरूच झाला नाही, तर सोडू काय? गिरधरला हे कोणत्या तोंडाने सांगू?

वांगी तुम्ही खा. रागाव, पण दूर करू नकोस.
तुझा प्रेमराज

धुळे
२० जानेवारी

चि. प्रेमराज,
आशीर्वाद.

गिरधरला तुझं पत्र वाचून दाखवलं. त्याने पिशवीतून वाटी काढून माझ्या देवघरात ठेवली आणि म्हणाला, की अक्का, तुम्ही हाक मारा, मी येस.

रविवार कोणताही चालेल. समाजाचं मी बघते, त्यांना जिभा आहेत तशी मलाही आहे.
अक्का

जळगाव
३१ जानेवारी

ती. अक्का,
शि. सा. न.

जब्बार काल निर्दोष सुटला. निकाल ऐकताना मी टेबलाच्या कडेकडे बघत होतो. आनंद झाला नाही, दुःखही नाही.

शहजादी वऱ्हांड्यात माझ्यामागे धावत आली. पिंप्राळ्याला केव्हाही आलं तरी बाईंनी तिला चहा घेतल्याशिवाय कधी सोडलं नाही, हे सांगत राहिली. आता संध्याकाळी शीरखुर्मा करून आणते म्हणाली, आणि मग विचारलं, की बाई घरी असतील ना?

अक्का, हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. ती गेल्याचं मी माझ्या तोंडाने कुणालाच सांगितलं नव्हतं. साक्षीदारांना मी आयुष्यभर बजावत आलो, की पाल्हाळ नको, हो की नाही तेवढं सांगा.

मी म्हणालो, नाही.

बाकावर बसलो आणि कोर्टाच्या भर गर्दीत, काळ्या कोटात, ढसाढसा रडलो. शहजादी शेजारी बसली. जिचा मुलगा नुकताच सुटला होता, ती बाई माझ्या दिपमालासाठी रडत होती.

रविवारी येतो. गिरधरलाही बोलाव. पण वाटी तूर्त देवघरातच राहू दे. माझा दुखवटा कालच सुरू झाला आहे. चार दिवस मला तुझ्याजवळ बसू दे, मग लावा गंध.

माया आहे तशीच असू दे.
तुझा प्रेमराज