मागे घेतलेला नमस्कार

अण्णा, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षे लोटली आहेत की धंद्यातली एखादी गोष्ट तुमच्याशी बोलायला हरकत नसावी. आपली औषधविक्रयाची कुलपरंपरा मी ब्रिस्टलमध्ये अखंड चालवतो आहे. दुकान परक्याचे आणि दिवसभर उभे राहणे माझे, एवढाच काय तो फरक. सांगलीत तुम्ही खोकल्याच्या बाटलीपासून संततिनियमनाच्या साधनांपर्यंत प्रत्येक वस्तू वर्तमानपत्रातल्या अग्रलेखाच्या पानात गुंडाळून देत असा. ‘हे पान कुणी उघडून बघत नाही,’ असे तुमचे संशोधन होते. इथे लैंगिक संसर्गाच्या तपासणीचे किट तरुणांना फुकट मिळते, तेही कोऱ्या खोक्यात, आणि निकाल थेट त्यांच्या मोबाइलवर जातो. आईबापांना नाही, मलाही नाही. तुमचा अग्रलेख विलायतेने स्वीकारला, असे मी समजतो.

तरीही माझे मन वारंवार त्या लग्नाच्या पंगतीत जाते. मी लहान, तुमच्या शेजारी पाटावर बसलो आहे आणि समोर साक्षात हेडमास्तर. मी कर्तव्यभावनेने खणखणीत विचारतो, ‘सर, खरजेचं मलम लागू पडलं का?’ पंगतीतले भुरके थांबतात. तुम्ही माझा कान धरून म्हणालात, ‘दुकानाबाहेर आपण कुणाला ओळखत नाही. औषध दिलं की माणूस विसरायचा.’ जिलबी मी कर्णपीडेसह भक्षण केली. उपदेशही पचला, असा माझा समज होता.

मग गेल्या उन्हाळ्यात इथल्या आमच्या मंडळातल्या एका कुटुंबाची कन्या, विद्यापीठात शिकणारी, दुकानात आली. काउंटरमागे मला पाहून तिचा चेहरा उतरला. तरी धीर करून तिने विचारले, ‘काका, ते... टेस्टिंग किट आहे?’ मी तिला सल्लामसलतीच्या खोलीत, म्हणजे खुर्च्या मांडलेल्या कपाटात, नेले. नमुना घ्यायचा कसा, पाठवायचा कसा, काही निघालेच तर उपचार किती सोपे, सारे धीरगंभीर वाणीने निवेदिले. तिचा श्वास हळूहळू जागेवर आला. खोके घेऊन ती दार उघडते तोच माझ्या मुखातून, पिढ्यान्‌पिढ्यांच्या संस्कारबळाने, वाक्य बाहेर पडले: ‘आईला नमस्कार सांग हं!’

खोके टेबलावर परतले. ‘तुम्ही आईला सांगणार,’ ती म्हणाली. ‘मग मला नकोच.’

अण्णा, कान आपोआप दुखू लागला. एका नमस्कारापायी ही पोर तपासणीविना जाणार, पुन्हा कुठल्याच दुकानाची पायरी चढणार नाही! ‘थांब,’ मी म्हणालो. ‘तो नमस्कार मी मागे घेतो. विधिपूर्वक. तू आली नाहीस, मी तुला पाहिलं नाही, आणि तुझ्या आईबद्दल माझ्या मनात तूर्त कसलाही आदर नाही.’

ती फिस्सकन हसली. ‘प्रॉमिस?’

‘बोललो तर परवाना जाईल माझा. शिवाय वडील कान धरतील.’

तिने खोके बॅगेत टाकले. निकाल काय आला, मला ठाऊक नाही. ठाऊक नसणे हेच आमचे शास्त्र.

परवा मंडळाच्या गणपतीच्या पंगतीत तिच्या मातोश्रींनी मला गाठले. ‘अहो, आमची लेक तुमच्या दुकानाजवळच राहते. कधी दिसते का हो?’

‘वहिनी, दुकानात मला गोळ्यांखेरीज काही दिसत नाही.’

‘वाटलंच! साधा नमस्कारसुद्धा पाठवत नाही कधी. फार शिष्ट झालात बाई तुम्ही!’

शेजारी वाढत असलेल्या लेकीने अत्यंत निर्विकार मुद्रेने माझ्या पानात आणखी एक मोदक ठेवला.

हा पराक्रम मी पत्नीलाही सांगितलेला नाही. फुशारकी मारायला स्वर्गस्थ पिता तेवढा निर्धोक वाटला. परंतु लिहिता लिहिता ध्यानात आले की तुम्हीसुद्धा आता दुकानाबाहेरचेच. म्हणून हे पत्र इथेच फाडतो आणि कबूल करतो, की ती मुलगी होती की मुलगा, आणि पानात पडला तो मोदक होता की करंजी, हे मी तुम्हालाही खरे सांगितलेले नाही.