शिकलेल्याला आत धाडलं

नाना, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि मी आता दिवसभर म्हाताऱ्या माणसांच्या घरच्यांना एकच प्रश्न विचारत फिरतो : काल कसे होते? जळगावला एका दवाखान्यात इमर्जन्सीमध्येच म्हाताऱ्यांसाठी वेगळा भाग केलाय. पलंग बुटके, फरशी न घसरणारी, भिंतीवर ताटाएवढं घड्याळ आणि त्याखाली आजचा वार मोठ्या अक्षरात. चष्मा, कवळी, कानाचं मशीन काढून पिशवीत टाकायचं नाही, माणसाजवळच ठेवायचं. घाबरून हातपाय झाडले तरी लगेच बांधायचं नाही, आधी बोलायचं. ते बोलायचं काम माझं. बसून करता येतं, पण मला बसवत नाही. हे पण उभ्यानेच लिहितोय, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून.

तुमचा तो दिवस धुळ्यातला. आईचा साक्रीहून फोन आला, ‘तुना बाप येगळंच बोली राह्यना.’ मी धुळ्यातल्याच देवपूरहून कॉलेज सोडून दवाखान्यात पोचलो, तर तुम्ही जीपमधून उतरताय आणि बोटं हवेत फिरताय, नसलेली तार गुंडाळल्यासारखी. मला ओळखलंत, पण दुकानाची किल्ली मागितलीत, जशी काय ती माझ्याकडेच असते. वॉचमन म्हणाला, एकच जण आत. मामा लगेच म्हणाला, ‘शिकेल पोऱ्याले धाडा मझार, तो बोली बराबर.’ कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे असंच असतं, दवाखान्यात, तहसीलात, बँकेत, ज्याला नीट मराठी येतं तो आत जातो. आई बाहेर कडुनिंबाखाली पिशवी धरून बसली. आत डॉक्टर पुष्कळ पेशंटमध्ये उभा. त्याने मला विचारलं, ‘हे असं बोलणं आधीपासून आहे का?’ नाना, मी चार महिने घरी आलो नव्हतो. साक्री ते देवपूर केवढंसं अंतर. ‘माहीत नाही’ म्हणायची लाज वाटली. मी म्हणालो, ‘हो सर, वय झालंय ना, असंच चालतं त्यांचं.’ त्याने तेच लिहून घेतलं. सलाईन लावलं, संध्याकाळच्या आत घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी परत आणलं तेव्हा लघवीतलं इन्फेक्शन रक्तात गेलेलं होतं.

आईला आत घेतलं असतं तर तिने सांगितलं असतं, परवा सकाळपर्यंत यांनी दुकानात बसून तीन जळालेल्या मोटरींत नवी तार भरली, एक फेरा चुकला नाही. म्हातारा माणूस एका दिवसात बरळायला लागला तर ते वय नसतं, आजार असतो. हे मला आता कळतं, पगार घेऊन कळतं. तुम्हाला न शिकता कळत होतं. कासारे गावच्या एका शेतकऱ्याने जळालेली मोटर शहरातल्या भाच्यासोबत पाठवली होती. भाचा शर्ट इन करून उभा. तुम्ही मोटरीला हात लावला नाही. ‘आज ती काय करस ते माले दिसस,’ म्हणालात. ‘काल कशी चाले, ते सांग. तुले नही माहीत? मंग ज्याना हातखाल चाले त्याले धाड.’ भाच्याचं तोंड बघून मी हसलो, तर मलाच झापलंत, दात काढू नको म्हणून.

ते मी इथे चोरून वापरतो. पेशंट आला की ‘सोबत कोण?’ विचारत नाही, ‘यांना जेवायला कोण वाढतं?’ असं विचारतो. परवा पाचोऱ्याची एक आजी आली. पुतण्या फाईल घेऊन पुढे, इंग्रजी शब्द फेकतोय, म्हणे ओल्ड एज आहे, चालायचंच. वाढतं कोण? म्हणाला, ‘सून. पण ती अडाणी, ती काय सांगेल?’ मी सुनेला आत बोलावलं. ती पदर सावरत म्हणाली, ‘भाऊ, रविवारपर्यंत सासूबाई मला बठ्ठ्या शिव्या देत होत्या, बराबर नेहमीसारख्या. सोमवारपासून मला ताई म्हणताय. चहा चांगला झाला म्हणताय. तेव्हाच मी घरात बोलले, काहीतरी बिघडलंय.’ डॉक्टरीण हसली आणि हसता हसताच रक्त-लघवी तपासायला पाठवली. इन्फेक्शनच निघालं. चौथ्या दिवशी आजीने सुनेची आई-माई काढली, तर ती सून व्हरांड्यात येऊन रडली, आनंदाने. मी जिन्यात जाऊन उगाच दोन मजले वर-खाली केले.

आता आईला चक्कर येते. गेल्या आठवड्यात ओट्यावर पडली, कपाळ सुजलंय. मी म्हणतो इथे ये, तुझ्यासाठीच तर केलंय हे सगळं. ती येत नाही. ‘त्या डॉक्टरनी तुना बापले धड दखंच नही,’ म्हणते. ‘मी मरसू तं घरमाच मरसू.’ अकरा वर्षं ती त्या डॉक्टरला शिव्या देतेय आणि मी मान हलवतोय. तो बिचारा, मी सांगितलं ते लिहिणारा. ती माझ्यामुळे येत नाही नाना, आणि तिला ते माहीत नाही.

म्हणून आज दुपारी फोन केला. ठरवून केला, जेवायच्या आधी. म्हणालो, ‘आई, त्या डॉक्टरची चूक नव्हती.’ तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, ‘मंग चूक कोनी व्हती?’

मी म्हणालो, आवाज तुटतोय, नंतर करतो.

तुटत नव्हता, नाना. मला तिचा श्वास ऐकू येत होता.